फुलीचा बाटला

"आणि खोटा कशावरून?" याकोब मास्तरांनी विचारलं.

मुरलीधर गालात हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. येताना टेम्पोत त्याने उत्तराची दोनदा उजळणीही केली होती.

"वाजला नाही, मास्तर."

"बिलकुल?"

"हातोडी मारली की नुसता ठप्प. गोणीवर मारल्यासारखा. त्या खड्ड्यातून बारा बाटले निघाले. दहा वाजले, चांगले घुमले. दोन मुके."

"मग?"

"मग काय, त्या दोघांवर फुली."

मास्तर काही बोलले नाहीत...

हे सगळं मला रज्जाकने सांगितलं. टेम्पो त्याचाच. रज्जाकला एरवी गोष्टीत पदरचं घालायची खोड आहे. पाव किलोची मासळी सांगताना तो दोन्ही हात पसरतो. ही गोष्ट सांगताना मात्र त्याने हात मांडीखाली दाबून धरले होते. म्हणून मी ती ऐकली तशीच देतो आहे.

आधी थोडं मास्तरांबद्दल.

याकोब मास्तर भिंगारदिवे हे आमच्या छावणीच्या गावातले बाटल्यांचे पारखी. बाटला म्हणजे गॅसचा लोखंडी सिलिंडर. मोठ्या लढाईच्या काळात इथे गोऱ्यांचा तळ होता, आणि त्या तळासाठी असे शेकडो बाटले आगगाडीने आले होते. कशात वेल्डिंगचा गॅस, कशात दवाखान्याचा, कशात आणखी काही. लढाई संपली, गोरे गेले, बाटले इथेच राहिले.

ऐंशी वर्षांनी त्यांना भाव आला. हौशी माणसं ते दिवाणखान्यात उभे करतात, हॉटेलवाले दाराशी ठेवतात. भाव आला तसे खोटेही आले. कालपरवाचा बाटला मिठाच्या पाण्यात भिजवायचा, गंज चढू द्यायचा, खांद्यावर लढाईच्या काळातलं साल ठोकायचं, की झाला जुना.

मास्तर डावा तळवा बाटल्यावर टेकवायचे, उजव्या हातातली पितळी हातोडी एकदाच मारायचे, आणि सांगायचे. खऱ्याला खडूने गोल, खोट्याला फुली. फुलीचा बाटला त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत कापायचा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या गळ्यात खरा म्हणून मारता येऊ नये. हा नियम मास्तरांच्याही आधीपासूनचा.

मुरलीधर लोणारे त्यांच्याकडे नऊ वर्षं शिकत होता. कान फार तीक्ष्ण. रस्त्यावरून गेलेल्या मोटारसायकलचा कुठला नट सैल आहे हे तो आत बसून सांगायचा, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचा.

त्याला आज ती हातोडी हवी होती. पारखी आपली हातोडी ज्याला देतो, त्याचीच फुली पुढे बाजारात चालते. छावणीच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागे प्लॉटसाठी खोदताना निघालेले बारा बाटले त्याने एकट्याने पारखले होते. दोन मुक्यांतला एक त्याने टेम्पोत घालून आणला होता. मास्तरांच्या डोळ्यांदेखत तो कापायचा आणि हातोडी घेऊन घरी जायचं, असा बेत.

मे महिना. भर दुपार. टेम्पो अंगणात उभा, आत ताडपत्रीखाली बाटला आडवा. मास्तरांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलेलं.

"वाजला नाही, एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"छे. वजन बघा की. खरं लोखंड कसं चिवट, हाताला हलकं. हा नुसता धोंडा. खोटं करणाऱ्यांना लोखंड जाडच घ्यावं लागतं, पातळ त्यांना जमत नाही."

मास्तरांनी रज्जाककडे पाहिलं. रज्जाक टेम्पोच्या फाळक्याला टेकून बिडी ओढत होता.

"किती जणांनी चढवला रे?"

"चौघांनी, मास्तर. कंबर गेली माझी."

"आणि बाकीचे?"

"ते दोघंदोघं उचलत होते."

मास्तर गप्प...

ही शांतता मुरलीधरने ओळखली. निदान त्याला तसं वाटलं. मास्तरांच्या गप्प बसण्याचा त्याने अभ्यास केला होता. त्याची एक वहीच होती. तीत तारीख, आपण विचारलेला प्रश्न, आणि पुढे मास्तरांच्या मौनाचा अर्थ.

एकदा मास्तर हौदावर वाकले असताना याने मागून विचारलं, "फाटक लावून घेऊ का?" उत्तर नाही. याने वहीत लिहिलं, 'ज्याला यायचं त्याला येऊ द्यावं.' त्या दिवशी एक गाढव आत शिरलं आणि वाळत घातलेल्या दोन चादरी तुडवून गेलं. वहीतलं वाक्य मात्र याने खोडलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मिशीची नोंद होती. पहिल्याच आठवड्यात मास्तर त्याला म्हणाले होते, "मिशी काढ." त्याने काढली आणि लिहिलं, 'आधी अहंकार उतरवावा.' मास्तर माणसाला नेहमी उजेडाकडे तोंड करून समोर बसवायचे. त्याचाही अर्थ वहीत होता. मला तो नेमका आठवत नाही, पण त्यात आत्मा हा शब्द दोनदा होता.

"रंग?" मास्तर म्हणाले.

"तेच तर! ऐंशी वर्षं मातीत पडलेल्या बाटल्याचा रंग टिकेल का? याचा टिकलाय. पिवळा, जवळजवळ सबंध. कोणीतरी मागाहून फासलाय."

"त्या दहांचे रंग?"

"कधीच उडाले. त्यांच्या तोट्याही काढून नेलेल्या. नुसती भोकं राहिलीत."

"आणि याची तोटी?"

मुरलीधरने ताडपत्रीकडे पाहिलं.

"याला टोपी आहे. गंजून बसलीय, निघाली नाही. पण त्याची गरजच वाटली नाही, मास्तर. आवाजातच सगळं कळलं."

"टोपी काढायला काय केलंस?"

"घण घातला. दहा-बारा वेळा."

मास्तर उठले.

या वयात ते इतक्या झटक्यात उठलेले रज्जाकने कधी पाहिले नव्हते. त्यांनी आधी स्टोव्ह बंद केला. मग सरळ रज्जाकपाशी येऊन त्याच्या ओठांतली बिडी काढली, खाली टाकली, चपलेने चुरडली.

"मास्तर, काय झालं?"

"पोती भिजव. असतील नसतील तेवढी."

त्यांनी आधणाचं पाणी बादलीत ओतलं, त्यात हौदातलं तांब्याभर घातलं, बोट बुडवून पाहिलं. हाताला सोसेल इतपत गरम. बादली घेऊन ते टेम्पोत चढले.

"ये," ते मुरलीधरला म्हणाले. "हळू चढ. आपटू नको काही."

मुरलीधर चढला. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. मास्तर आता काहीतरी दाखवणार, आणि वहीत एक पान वाढणार.

मास्तरांनी बाटल्याच्या अंगावरून पाणी सावकाश सोडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग थोडे थांबले...

"हात ठेव. वर."

मुरलीधरने ठेवला. "गरम आहे."

"खाली सरकव."

त्याचा तळवा बाटल्याच्या पोटावरून खाली निघाला. गरम. गरम. आणि मग एकदम गार.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. मध्ये एक रेषा होती, पट्टीने आखल्यासारखी. रेषेच्या वर लोखंड तापलेलं, खाली माठासारखं गार.

"पाणी तर सगळीकडे पडलं," तो म्हणाला.

"हं."

"मग खाली गार कसं?"

"आत गॅस आहे. पातळ होऊन बसलाय. तो ऊब ओढून घेतोय."

"आत..."

आत काही असेल हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. नऊ वर्षं त्याने बाटल्यांच्या खांद्यावरची सालं वाचली होती, गोऱ्यांच्या लष्करी बाणाच्या खुणा मोजल्या होत्या, गंजाचे थर नखाने खरवडून चाटूनसुद्धा पाहिले होते. इतका जुना बाटला भरलेला असू शकतो, असं कोणी म्हटलं असतं तर तो हसला असता.

"पिवळा कशाचा असायचा?" मास्तरांनी विचारलं. "तुला पाठ आहे."

पाठ होतंच.

"पाण्याच्या टाकीवरचा. छावणीच्या पाण्यात सोडायला... क्लोरीन."

"किती आहे?"

मुरलीधरने पुन्हा रेषा चाचपली. ती पोटाच्या बरीच वर होती.

"पाऊण," तो म्हणाला. तो टेम्पोच्या फळीवर मटकन बसला.

बसल्यावर त्याला आठवलं की येताना सबंध वाट तो याच बाटल्यावर बसून आला होता. मजेत, मांडीवर ठेका धरून.

रज्जाक खाली पोतं पिळत उभा होता. "क्लोरीन म्हणजे ते पाण्याच्या वासाचं?" त्याने विचारलं.

"वास येईपर्यंत ठीक," मास्तर म्हणाले. "ही तोटी तुटली तर या आळीत वास घ्यायला कोणी उरणार नाही."

रज्जाक मला म्हणाला, "त्या क्षणी मला माझी बिडी आठवली नाही, टेम्पो आठवला नाही. रस्त्यावरचे सगळे खड्डे आठवले. एकेक."

त्यांनी ओली पोती बाटल्यावर पसरली. मास्तरांनी चिमूटभर माती उडवून वारा कुठला ते पाहिलं आणि दोघांना वारा येत होता त्या बाजूला, लांब बाभळीखाली नेऊन बसवलं. रज्जाकने अग्निशामक दलाला फोन लावला. त्याने पत्ता सांगितला तो आपल्या घराचा, मग रडवेला होऊन मास्तरांच्या अंगणाचा. मग आळीतल्या लोकांना बाहेर काढायला तो पळाला.

"म्हणजे हा खरा," मुरलीधर म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"त्या बारांत सगळ्यात खरा."

"आणि ते दहा..."

"तेही खरे. रिकामे आहेत, म्हणून वाजले."

मुरलीधरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हात काढ," मास्तर जरा जोरात म्हणाले. "दोन मुके होते म्हणालास. दुसरा कुठाय?"

मुरलीधरने हात काढले. रज्जाक आळीतून परत येत होता, त्याला तो चेहरा दिसला. तो म्हणतो की मेलेल्या माणसाचा चेहरा त्याने पाहिला आहे, आणि तो यापेक्षा बरा होता.

"बन्सीकडे," मुरलीधर म्हणाला. "कापायला."

बन्सी हा त्याचा धाकटा भाऊ. भंगार कापायचं काम करतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या जकात नाक्यापलीकडे. नऊ वर्षांपूर्वी दोघं भाऊ एकाच दिवशी मास्तरांकडे शिकायला आले होते. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी बन्सीला सांगितलं, "तू जा." तेव्हापासून मुरलीधर चारचौघांत सांगायचा, आमच्या बन्सीला काही टिकता आलं नाही.

"कधी दिलास?"

"सकाळी आठला."

"कधी कापणार आहे?"

"नियमच आहे ना, मास्तर. फुली म्हटल्यावर ऊन उतरायच्या आत..."

"फोन लाव."

मुरलीधरने खिशातून फोन काढला. पडद्यावर बन्सीचं नाव तीनदा होतं. नऊ वाजता, सव्वानऊला, दहाला. तिन्ही वेळा त्याने पाहिलं होतं आणि उचलला नव्हता. बन्सी नेहमी काहीतरी शंका काढायचा, आणि आजच्या दिवशी त्याला कोणाची शंका नको होती.

त्याने नंबर लावला. मास्तरांनाही ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. घंटी सगळ्या अंगणात घणघणू लागली.

"वाजतोय का?" मास्तरांनी विचारलं.

मुरलीधरने त्यांच्याकडे पाहिलं. घंटीने बाभळीवरचा कावळासुद्धा उडाला होता.

"वाजतोय. उचलत नाही."

"पुन्हा."

पुन्हा लावला. वाजून वाजून बंद पडला.

"कटर चालू असला की त्याला ऐकू येत नाही," मुरलीधर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून तो हंबरडा फोडून रडायला लागला. "कटर चालू असेल, मास्तर! मी दिला त्याला. माझ्या हातानं फुली मारून दिला. लहान लेकरं आहेत त्याची दोन..."

"पुन्हा लाव."

"मी पळत जातो."

"जा, पण आधी पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा घंटी सुरू झाली. चार वेळा वाजली. पाच. सहा.

"हां दादा," फोनमधून बन्सीचा आवाज आला. "आत्ता आठवण झाली होय?"

"बन्सी! हात लावू नको त्याला! तो बाटला..."

"भरलेला आहे. माहितेय."

...

"कापला नाहीस?"

"कसा कापीन? सकाळी हात ठेवला, गरम पाणी ओतलं, लगेच कळलं. तेच सांगायला तुला तीन फोन केले. तू कुठला उचलतोस! मग मीच बंबवाल्यांना बोलावलं. आत्ता ते इथंच आहेत, त्यांच्या गाडीच्या आवाजात तुझा फोन कळला नाही. बरं, दुसरा कुठाय? तू दोन म्हणाला होतास."

"मास्तरांच्या अंगणात."

"अरे देवा! तिकडं कोणी येतंय ना? थांब, यांनाही सांगतो."

"बन्सी, मी तर फुली मारली होती. खोटा म्हणून."

"दादा, रागावू नको," बन्सी म्हणाला. "तुझी फुली असो नाहीतर गोल असो, मी आधी हात ठेवतो."

मुरलीधर मांडीवरच्या फोनकडे बघत राहिला.

"ऐकतोयस ना? मास्तर आहेत का तिथं? त्यांना सांग मी बरा आहे. काळजीत असतील. आणि समोर बसून सांग हां, सावकाश. रडत रडत सांगू नको, ओठ हलतात, नीट कळत नाही त्यांना. ऐकू येत नाही ना."

"काय?"

"ऐकू येत नाही म्हटलं मास्तरांना." बन्सी थांबला. "का रे? नऊ वर्षं आहेस ना तू तिथं?"

फोन बंद झाला.

मास्तर समोर बसले होते. त्यांचे डोळे मुरलीधरच्या तोंडावर खिळलेले होते.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

फोन स्पीकरवर होता. शब्द न् शब्द अंगणभर ऐकू गेला होता. रज्जाकलाही, आणि तो तर फाटकापाशी होता.

मुरलीधरचा हात आपोआप वरच्या ओठावर गेला. तिथे मिशी नव्हती. नऊ वर्षं नव्हती.

"बन्सी बरा आहे," तो म्हणाला. मग सरकून उजेडात आला आणि सावकाश पुन्हा म्हणाला, "बन्सी बरा आहे, मास्तर. त्याने कापला नाही. त्याने हात ठेवून पाहिला."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी घळाघळा वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मुरलीधर तसाच समोर होता.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"एकेचाळीस वर्षं झाली."

"कशानं?"

"बाटल्यानं. तोही वाजला नव्हता."

"फुली कोणाची होती?"

"माझी."

"कापत कोण होतं?"

मास्तर गप्प राहिले... या वेळी त्यांनी प्रश्न नीट पाहिला होता.

फाटकाबाहेर, लांबवर आळीतली माणसं जमली होती, कोणी पोरं काखेला मारून, कोणी म्हातारीला खुर्चीसकट उचलून. सगळी टेम्पोकडे बघत होती. मुरलीधर मात्र मास्तरांच्या डाव्या हाताकडे पाहत होता. तळवा रुंद, घट्टे पडलेला. नऊ वर्षं तो हात प्रत्येक बाटल्यावर टेकलेला त्याने पाहिला होता. त्याला वाटायचं, बाटला हलू नये म्हणून मास्तर तो धरून ठेवतात.

"मग हातोडी कशाला मारायचात?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकाला आवाज लागतो. मला हादरा लागतो. तो इथं कळतो." मास्तरांनी डावा तळवा उघडून दाखवला.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. तुला सगळं आपोआप समजायचं."

हे मास्तर चिडून म्हणाले की सहज, ते रज्जाकला सांगता आलं नाही. मी त्याला दोनदा विचारलं.

"बन्सीला कसं कळलं?"

"तिसऱ्या दिवशी त्याने मागून हाक मारली. मी वळलो नाही. तो पुढं आला, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं."

"म्हणून त्याला घालवलंत?"

"घालवलं नाही. त्याचं शिकून झालं होतं."

तेवढ्यात लाल गाडी आली. मुखवटे घातलेली माणसं उतरली, त्यांनी आळी आणखी मागे सरकवली. बाटल्याची टोपी त्यांनी कापली नाही, ठोकली नाही. तेल सोडून, वाट बघून, फिरवून फिरवून काढली. आत पितळी तोटी होती, हिरवी पडलेली, आणि तिच्या मानेला एक बारीक चीर होती. त्यांच्यातला एक जण मुखवटा वर करून म्हणाला, "हिच्यावर घण कोणी घातला?"

मुरलीधरने हात वर केला, वर्गात करतात तसा. त्या माणसाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आणखी एक बसला असता तर," तो म्हणाला आणि त्याने मुखवटा खाली ओढला.

चार तास लागले. बाटला दुसऱ्या गाडीतून, जाड पेटीत घालून गेला. माणसं घरोघर परतली. रज्जाकने टेम्पो तिथेच सोडला आणि चालत घरी गेला. पण तो जाण्याआधी जे घडलं, तेही त्याने पाहिलं.

ऊन उतरलं होतं. पितळी हातोडी खिडकीत होती, नेहमीच्या जागी. तिचा विषय कोणी काढला नाही. मास्तर स्टोव्हपाशी बसले होते, अंगणाकडे पाठ करून, राहिलेल्या चहासाठी पुन्हा आधण ठेवत.

मुरलीधर त्यांच्या मागे उभा होता.

"मास्तर," तो म्हणाला, "मग खरं ओळखायचं कसं?"

उत्तर नाही...

त्याच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत वही. सवयीने हात तिच्याकडे गेला. वहीचा कोपरा अर्धा बाहेरही आला. मग तो थांबला. वही त्याने परत आत सरकवली, पिशवी खाली ठेवली, वळसा घालून मास्तरांच्या पुढे गेला, आणि स्टोव्हच्या पलीकडे, तोंडावर उजेड येईल असा उकिडवा बसला.

"मास्तर," तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द सुटा करून. "खरं ओळखायचं कसं?"

मास्तरांनी त्याचे ओठ थांबेपर्यंत वाट पाहिली.

"असंच," ते म्हणाले. "समोर येऊन."